तीन छेद अठ्ठावीस

पुस्तकातल्या गणितात दोन घंटा आहेत.
एक दर सहा मिनिटांनी वाजते, दुसरी दर आठ.
पुन्हा एकदम कधी? चोवीस. सोडवलं.
कोण वाजवतं, कुणासाठी, ते दिलेलं नाही.

आमच्याकडे चौदा आणि चार.
बाबा तांब्याच्या खाणीत : सात दिवस वर, सात दिवस घरी.
बस त्यांना कालामाच्या नाक्यावर सोडते
तेव्हा कानामागेसुद्धा डोंगर असतो,
आंघोळीनंतरही उशीवर उतरणारा.
आई इस्पितळात : एक दिवसपाळी, एक रात्रपाळी, दोन सुट्ट्या.
फ्रिजवरच्या कॅलेंडरात
त्यांच्या घरच्या दिवसांना नारिंगी खडू,
तिच्या सुट्ट्यांना निळा.

"सात छेद चौदा आणि दोन छेद चार,"
नूरी बाई फळ्यावर लिहितात,
"सममूल्य. दोन्ही निम्मेच. यासना, पटलं?"
पटलं, बाई.
फक्त एवढंच, की बाबांचं निम्मं
सलग येतं आणि सलग जातं, अख्ख्या नोटेसारखं.
आईचं निम्मं चिल्लर.
मोजेमोजेतो खर्चून जातं.

लसावि अठ्ठावीस.
अठ्ठावीस दिवस झाले की दोन्ही रंग
पहिल्या चौकोनासारखे पुन्हा सुरू.
मधे सात ठिकाणी नारिंगीवर निळा.
सात छेद अठ्ठावीस, साताने भाग,
एक चतुर्थांश.
सुटसुटीत. बाईंना आवडेल असं.

पण त्या सातातले चार दिवस
आई रात्रपाळीवरून येऊन झोपलेली.
बाबा चपला हातात घेऊन वावरतात,
किटली शिट्टी मारायच्या आत उचलतात,
आम्ही पत्ते खेळतो खुणांनी,
भांडतो तेही खुणांनी.
ते चार मी वजा केले.

तीन छेद अठ्ठावीस.
दोनाने पाहिलं, चाराने, साताने.
वर-खाली सामाईक कुणी नाही,
एक सोडला तर;
आणि एकाने भागून
आजवर कुणाचं काही कमी झालेलं नाही.
याला याहून छोटं रूप नाही.

आज त्यातलाच एक. सोळावा चौकोन.
बेकरीतून माराकेता आणलाय,
खाचेखाचेवर तुटणारा, चार तुकड्यांचा पाव.
दोघीच असलो की दोन-दोन,
छेद करायचीसुद्धा गरज नाही.
आज आम्ही तिघं,
आणि चौथा तुकडा ताटलीत.
आई म्हणते तू घे, बाबा म्हणतात तू,
मी म्हणते थांबा,
छेद बारा करावा लागेल.

बाबा हसत सुरी पुढे करतात.
चौथ्याचे तीन केले, अगदी नेमके
करायचे होते. कडेचा जरा मोठा झालाय.
तो मी आईकडे सरकवते
आणि बाई इथे नाहीत तोवर
सारखाच धरते.