उजवीकडे अर्धा इंच

घणसोलीच्या पंपावर हवा भरणारा पोरगा म्हणाला,
साहेब, गाडी लंगडते.
तोवर मला ती फक्त देखणी दिसत होती.

मग दिसायलाच लागलं.
बँकेच्या काचेत, सोसायटीच्या सीसीटीव्हीतसुद्धा,
पुढचं उजवं चाक मडगार्डात तोंड खुपसून
आणि डावं तीन बोटं मोकळं.
टेप लावली.
उजवीकडे बावीस, डावीकडे साडेबावीस.
अर्ध्या इंचापायी माणसानं किती रात्री जागावं
याचं माप टेपवर नसतं.

चारही चाकांत बत्तीस-बत्तीस हवा भरली.
डिकी उपसली: दोन छत्र्या, गंजका जॅक,
आईनं कुणाला तरी परत द्यायला दिलेला कुकर.
माझे ब्याऐंशी किलो तर बाहेरच उभे होते.
स्प्रिंगा बसवणाऱ्या पोराला फोन केला.
तो म्हणाला, नव्या आहेत, बसतील हळूहळू.
दोन महिने वाट पाहत बसलो
तो मीच.

शेवटी रबाळ्याला, खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
हसुराम मढवींचं गॅरेज.
त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही.
बादलीभर पाणी कोब्यावर ओतलं
आणि उकिडवे बसून
ते कुठं जातंय ते बघत राहिले.
पाणी गटाराकडे निघालं, काही घाई नसल्यासारखं.
"आधी जमिनीला विचारायचं, भाऊ.
माझा बाप मिठागरात होता.
त्यानं कधी दोरी धरली नाही. पाणी धरलं."

गाडी फिरवून उलट्या तोंडानं लावली.
उजवीकडचा अर्धा इंच उजवीकडेच.
"जमीन सुटली."
डावी स्प्रिंग उजवीकडे, उजवी डावीकडे.
अख्खी दुपार गेली, दोन चहा,
बोटाचं एक सालटं.
उजवी तरी खालीच.
"स्प्रिंगही सुटली."
जंपिंग रॉडची लिंक काढली, तोही सुटला.
एकेक आरोपी निर्दोष ठरत गेला,
तसतसं हसुराम माझ्याकडे जास्त बघायला लागले.

"स्प्रिंगा बसवल्या तेव्हा गाडी कुठं होती?"
लिफ्टवर.
"चाकं लोंबत?"
लोंबत.
"मग आर्मचे बोल्ट तिथंच आवळले, अधांतरी."
असतील.
उजवीकडून मात्र कुरकुर यायची,
म्हणून दुसऱ्या दिवशी परत नेली होती.
घाईत होता तो. खाली झोपूनच पाना फिरवला,
गाडी जमिनीवर असताना.

हसुराम हसले. नावाला जागले.
"आतलं रबर बघ. जिथं आवळशील
तेच त्याला सरळ वाटतं.
डावं लोंबत असताना आवळलंय.
आता गाडी टेकली तरी ते टेकायला तयार नाही,
पीळ धरून वर ढकलतंय.
उजवी खाली नाही रे.
डावी वर अडकलीय."

सहा महिने ज्या बाजूला नावं ठेवली
ती नीट उभी होती.
मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

चाकांखाली लाकडी ठोकळे. मला म्हणाले,
आत बस, जसा रोज बसतोस तसा, पोट आत न घेता.
खाली पान्याचा एक आवाज, कट्,
आणि डावी बाजू अशी उतरली
जशी पाहुण्यांसमोर तासभर ताठ बसलेली बाई
ते जिना उतरल्यावर
भिंतीला पाठ टेकते.

मग आहे त्या जागी, आहे त्या वजनावर,
बोल्ट परत आवळला.
टेप लावली. एक सूत राहिलं होतं.
मी म्हटलं, हे?
"ते ठेव. रोज एकटाच चालवतोस ना."
सातशे रुपये घेतले. कपाळाला लावले नाहीत,
नुसते खिशात घातले.

परतताना सेक्टर सातचा स्पीडब्रेकर.
सवयीनं गाडी तिरकी घातली, मग आठवलं,
सरळ केली.
घासलीच.
पण या वेळी दोन्हीकडून,
सारखी.