सत्याहत्तर दिरहम

शारजात रद्द कुणी म्हणत नाही, कॅन्सल म्हणतात,
आणि ते माणसाबद्दल म्हणतात.
वरच्या मजल्यावरचा फोरमन कॅन्सल झाला.
ऐकणारा एवढंच विचारतो, विमान कधीचं.

मी मंगळवारी झालो.
पीआरओने कागद सरकवला, मी सही केली,
तो म्हणाला, खलास.
हा शब्द मी गुहागरहूनच आणला होता,
एकोणीस वर्षांपूर्वी,
सामानात त्याचं वजन भरलं नव्हतं.

रात्री, खोलीतले तिघं झोपल्यावर, लॅपटॉप उघडला.
नकाशे काढायचं सॉफ्टवेअर राहिलं होतं.
माझ्या नावावर, माझ्या कार्डावर,
दर तीन तारखेला सत्याहत्तर दिरहम.
घेतलं तेव्हा चौदा दिवस फुकट होतं.
पंधराव्या दिवशी मला ताप होता.
मग त्यावर रोल्यातल्या एका अत्तरवाल्याचं दुकान काढून दिलं,
मग एका सलूनचा पोटमाळा,
मग काहीच नाही.
सत्याहत्तर छत्तीसे किती
हे मी सुमेधाला अजून सांगितलेलं नाही.
दोन हजार सातशे बहात्तर.

दाभोळचा नासिर मुकादम म्हणाला होता,
कार्ड रिकामं ठेवून गेलास
तर कापलेला पैसा उधारी म्हणून चढतो.
त्याच्या ओळखीतल्या कुणाला
टेलिफोनच्या बिलासाठी विमानतळावर बाजूला बसवलं होतं.
खरं की खोटं, त्यालाही ठाऊक नव्हतं.
पण इथे भीतीला पुरावा लागत नाही,
पैसे भरल्याला लागतो.

सेटिंग, खातं, प्लॅन, आणखी खाली.
'चालू ठेवा' निळं, पेढ्याएवढं.
'रद्द करा' तळाशी, राखाडी,
चष्मा पुसून पाहिलं तेव्हा दिसलं.
आणि त्याच्याही खाली:
वर्ष मध्येच मोडल्यास दंड.
वर्ष भरत होतं तीन तारखेला.
त्या रात्री एक तारीख होती, पावणेबारा.
आयुष्यात एकदा तरी वेळेवर पोचलो होतो.

दाबलं.
पडदा म्हणाला, नक्की?
दाबलं.
तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतं.
मी थांबलो. पुन्हा वाचलं.
मंगळवारी ऑफिसात
फक्त एसीचा आवाज होता.

पुढच्या पानावर दोन महिने फुकट राहा.
त्याच्या पुढच्यावर निम्म्या किमतीत राहा.
आमची पालशेतची आत्या
निघालेल्या पाहुण्याच्या चपला लपवायची,
आणि पाहुणा रागावल्यासारखं करत आणखी एक जेवण जेवायचा.
मलाही क्षणभर वाटलं,
पण आत्या कधी पुढच्या महिन्यात
गुपचूप हिशेब लावत नसे.

शेवटी एक चौकट: का सोडताय?
महाग वाटतं. वापर नाही. दुसरं मिळालं. इतर.
इतरमध्ये जागा बरीच होती.
काय काय लिहावंसं वाटलं
ते लिहिलं नाही.
आपल्यात जातो म्हणत नाहीत,
म्हणून लिहिलं, येतो.
पाठवलं.

मेल आली. तीन तारखेपर्यंत नकाशे उघडतील,
मग नुसते पाहता येतील, हलवता येणार नाहीत.
अत्तरवाल्याचं दुकान उघडून पाहिलं.
जिन्याची तिसरी पायरी
मी तेव्हाच चुकीची काढली होती.
गवंड्याने न सांगता नीट केली असणार,
नाहीतर तीन वर्षांत कुणीतरी पडलं असतं.
मी ती रात्री साडेबाराला दुरुस्त केली.

सकाळी टायपिंग सेंटरवर बिजॉयकडून
त्या मेलची प्रिंट काढून घेतली,
पासपोर्टच्या पिशवीत, ग्रॅच्युइटीच्या कागदांमागे ठेवली.
दोन दिरहम, तो म्हणाला.
दिले.
आणि पावती मागितली.