पाच किंवा सहा

पहिले दहा सांगाडे पार्सलने आले,
करड्या प्लास्टिकचे, चौकटीला चिकटलेले.
पोस्टमन म्हणाला, सर, आत काही खुळखुळतं.
हाडं आहेत, म्हटलं.
तो हसला. अड्याळच्या दवाखान्यात
एक्स-रे काढणाऱ्या माणसाला
दुसरं कोण काय पाठवणार.

दहा म्हणजे फौज नव्हे.
तीस मी घरी केले. बाइंडिंग वायर, एम-सील,
आणि वैनगंगेच्या टेंगऱ्याचे काटे,
रविवारी ताटाच्या कडेला जमवलेले,
निरम्यात उकळून स्लॅबवर वाळवलेले.
मांजरीनं दोन भालाईत नेले.
वहीत त्यांच्यापुढे लिहिलं : बेपत्ता.

रंगाचं काम सोपं. आधी काळा, वर पांढरा,
मग गढूळ तपकिरी पाणी सोडायचं,
ते खाचेत जाऊन बसतं
आणि बरगडी बरगडीपासून सुटी होते.
हाड पांढरं नसतंच.
पांढरं फक्त माझ्या फिल्मवर.

एक गोष्ट धनपाललाही सांगितली नाही :
प्रत्येकाला मी एक मोड दिलाय.
हा झेंडेवाला, उजवी हासळी,
टोरी पाडताना मोहावरून पडला.
ह्या तिरंदाजाचं मनगट
इंजिनचं हँडल उलटं फिरलं तेव्हाचं.
आणि ह्याची मांडी वाकडी जुळलीय,
कारण तो आधी गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे गेला,
माझ्याकडे दीड महिन्यानं.
नावं नाहीत. तळाला तारीख, सुईच्या टोकानं.
सगळे जिते आहेत, बाजारात भेटतात,
वांगी निवडता निवडता हात वर करून दाखवतात,
जुडलं न जी, सायेब.

बाजार उठला की धनपाल लांजेवार
मोबाइलच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो.
दोन स्टुलांवर जुनं दार. तुऱ्हाट्यांचं जंगल.
फ्रिजच्या थर्माकोलचा डोंगर.
अंतर मोजायला त्याच्या बायकोची शिलाईची टेप,
नऊच्या आत परत द्यायची.
त्याचे घोडेस्वार नेलपॉलिशनं लखलखतात.
माझे धावत नाहीत. चार इंच, बस.
पण भीत नाहीत,
आणि त्यांच्याकडे यायचं तर
त्याच्या घोड्यांना आधी फासा टाकून धीर धरावा लागतो.

माझा पडला की मी उचलत नाही, आडवा ठेवतो.
मग मांत्रिकाची पाळी.
एकेकासाठी एक फासा : पाच किंवा सहा,
ऊठ बाबा.

सुखरूबुवा शटरखालून वाकून आत येतात, बिडी विझवतात.
'मेलेले उठवतंस त मंग मारतंस कायले बाप्पा?'
'नियम हाये जी,' धनपाल.
'कोनाचा?'
धनपालनं टेप गुंडाळली, परत सोडली.

काल त्याचे सहा घोडे तुऱ्हाट्यांना वळसा घालून
सरळ मांत्रिकावर आले.
दोन पडले असते तरी वाचला असता.
लुडोचा फासा, एक कोपरा झिजलेला,
दाराच्या कडीला लागून थांबला. एक.
'कडीले लागला, पुना टाक,' धनपाल म्हणाला.
नाही टाकला.
मांत्रिक गेला की उठवणारं कोणी राहत नाही,
मग लढाई नसते, नुसतं ढासळणं असतं,
दर पाळीला चार, पाच,
मी स्वतःच्या हातानं आडवे करत गेलो.

फिल्मच्या रिकाम्या डब्यात अडतीस बसतात,
डोकी एकाआड एक उलटसुलट.

साडेअकराला गेडाम सिस्टरचा फोन.
बाइक नाल्यात. पाय. या.

पोरगा विशीचा, शर्ट चिखलानं वाळलेला.
हलू नको, म्हटलं. नाही हलला.
पडद्यावर नडगी आली, तिरपी मोडलेली,
गुडघ्याखाली चार इंच,
आणि एकोणचाळिसावा कसा उभा राहील
ते मला तिथंच दिसलं. लाजही वाटली.

'जुडन न जी?'
डॉक्टर सांगतील.
तो माझ्या नखांकडे बघत होता,
कडेकडेनं तपकिरी.
'हे काय लागलं?'
चहा, म्हटलं.