वळचणीपासून दूर

पहिली जागा शाळेची भिंत होती.
प्लग होता, वायफाय होतं, मुख्याध्यापिकेची सहीसुद्धा होती,
पण तीन हातांवर स्वयंपाकघराचं धुराडं.
बेलार्मिनो म्हणाला, इथे लावलं तर
गावाची हवा राहील बाजूला,
पोरांची मसुराची आमटी मोजत बसेल हे.

दुसरी, दवाखान्याचं छप्पर.
उंच. फारच उंच.
तिथली हवा पाखरं घेतात.
आपल्याला हवी ती नाकाच्या जराशी वरची,
चोराचा हात पोचू नये एवढीच.

तिसरीला झाड आडवं आलं,
चौथीला कुत्रा,
पाचवीला एक भला माणूस,
ज्याने तीनदा माते भरून पाजला
आणि मग नाही म्हणाला.

जून. कोयाइकेत पाच वाजताच दिवस डोंगराआड जातो.
गाव कढईच्या तळाशी,
वर थंडीचं झाकण,
आणि आत प्रत्येकाचं आपापलं धुमसणं.
शिडी खांद्यावर घेऊन आम्ही उतार चढत होतो.
खोकलो तर दोघंही एकमेकांकडे बघायचो,
जणू काही चोरलंय.

दोन्या नोल्बिया कुंपणाशीच उभी होती.
हातात पांढरा डबा बघून म्हणाली,
हा चुगली करणार ना माझी?
नाही, म्हटलं मी, नाव-गाव लिहीत नाही हा,
फक्त आकडा.
आकडाच तर वाईट, ती म्हणाली.
माझं सरपण ओलं आहे, मला माहीत आहे.
कोरड्याला पैसे लागतात.
ओल्याला नुसती फुंकर.

तरी तिने फाटक उघडलं.
मागच्या अंगणात खांब होता, सिप्रेसचा,
रेडिओची तार ताणायला फिदेलिनोने रोवलेला.
वरच्या खोऱ्यातल्या वस्त्यांचे निरोप यायचे त्यावर,
शनिवारी दोन घोडे घेऊन नदीवर या,
किंवा, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.
माणूस गेला, रेडिओही गेला.
खांब हलत नाही, ती म्हणाली,
वळचणीपासून सात पावलं.
त्याची सात. माझी नऊ.

मी मोजली नाहीत.
चारी बाजूंनी मोकळं होतं,
धुराडी लांब, तिचंही,
आणि खिडकीतून केबल येत होती.
पट्टा आवळला, डब्याचं तोंड खाली केलं,
तारेला खाली एक झोल सोडला
म्हणजे पाऊस तिथेच गळून पडेल, आत शिरणार नाही.
बेलार्मिनोने शिडी धरली होती, बोटं फुंकत.
आतला नखाएवढा पंखा फिरू लागला
तेव्हा तो ऐकायला आम्ही तिघंही श्वास धरून उभे राहिलो.

बारा.
हे चांगलं? तिने विचारलं.
चांगलं.

मग आठ वाजले. उतारावरच्या घरांनी
रात्रीसाठी चुली भरल्या, झडपा मिटल्या
म्हणजे लाकूड सकाळपर्यंत पुरतं,
धुमसत, कण्हत.
एकवीस. चौसष्ट.
तिने माझा फोन दोन्ही हातांत धरला होता,
एखाद्याच्या कपाळावर हात ठेवावा तसा.
एकशे ऐंशी.
यातला माझा किती?

मला सांगता येईना.
धुराला आडनाव नसतं, असं काहीतरी बोललो,
आणि लगेच ते मलाच गुळगुळीत वाटलं.
ती बाहेर गेली. अंधारात धुराडी मोजली.
अकरा, म्हणाली, आणि एक माझं.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला.
झडप उघडी ठेवली होती काल.
जाळ मोठा, धूर कमी,
तीन वाजता लाकूड संपलं, घोंगड्या तीन.
आकडा एकशे साठ.
एकटीने उघडून काय होणार, सांग तू मला.
मी काय सांगणार, मी तारा ओढणारा माणूस.

थोडी थांबली.
मग म्हणाली, पलीकडचा आरिस्तीदेस विचारत होता
तुझ्या खांबावर ते काय लावलंय म्हणून.
आणि?
सांगितलं त्याला, रेडिओ आहे.
ये म्हटलं ऐकायला.