साताच्या पोटातली रेघ

चावी मावशीच्या गळ्यात असते, क्रुसाशेजारी.
काढून देताना दर वसंतात तेच म्हणते:
"मी ब्याऐंशीची आहे. अंड्यांची टोपली नाही."
यातून हळू न्यायचं की जोरात
ते मला अजून कळलेलं नाही.

एटीव्हीच्या पुढच्या जाळीवर गवत कापायचं यंत्र,
पेट्रोलचा डबा, बादलीत प्लास्टिकची फुलं
(खरी हरणं खातात),
फॉइलमध्ये सॉसेज भरलेले पाव, मोजून पाच.
आम्ही दोघीच आहोत.

चर्चमागून रस्ता संपतो आणि वाट सुरू होते.
फाटकाला कोळसा कंपनीचं कुलूप.
बाजूने जायची जागा खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे,
कंपनीलाही.

मग चढ.
पहिला गियर, दुसरा, परत पहिला,
चाकं चिखल चघळतात आणि मागे थुंकतात,
ओली माती, जळकं तेल,
टायरखाली चिरडलेल्या रानलसणीचा उग्र वास.
रेडबडला पान यायच्या आत फूल आलंय
थेट सालीतून, फांदीची वाट न बघता,
जसं एखाद्याच्या तोंडून
जेवताना भलतंच निघून जावं.

चढाला पुढे झुकायचं, उताराला मागे.
मावशी बरोबर उलटं करते.
चाळीस किलोची बाई,
पण वळणावर सगळा डोंगर
तिच्या बाजूला कलतो.

ओढ्याला बर्फाचं पाणी आहे, इंजिनापर्यंत.
ती दोन्ही पाय वर घेते आणि ओरडते,
भीतीने नाही.
पलीकडे गेल्यावर कानात सांगते,
"तुझा मामा इथेच बुडाला होता.
थोडासा."

माथ्यावर इंजिन बंद करते.
कानात ते अजून चालू असतं, बराच वेळ,
मग हळूहळू एक पक्षी ऐकू येतो,
मग दुसरा, मग
तापलेलं लोखंड गार होतानाची टिकटिक.

अकरा थडगी. पाचांना नाव नाही,
नुसते उभे केलेले ओढ्यातले धोंडे.
ऑर्विन काकाच्या दगडावर मावशीचंही नाव
आधीच कोरून ठेवलंय: जन्मतारीख, एक छोटी रेघ,
आणि पुढे गुळगुळीत मोकळी जागा.
त्या जागेला टेकवून ती पाण्याची बाटली ठेवते.

मी गवत कापते.
यंत्र थांबवलं तेव्हा दिसलं:
कुंपणाबाहेरच्या ओकांना नारिंगी फिती बांधल्यात,
प्रत्येकीवर काळ्या शाईने आकडा.
बहात्तर. सत्त्याहत्तर. सत्तावीस.
साताच्या पोटात आडवी रेघ.

आमच्या खोऱ्यात असा सात एकच माणूस काढतो.
तिसरीत मिस क्लेंडेननने
त्यापायी त्याला चार वेळा उभं केलं होतं,
तरी काढायचा.
डेल्मस. तिच्या मुलीचा मुलगा.
गेल्या हिवाळ्यात नोकरी लागली म्हणाला होता,
ऑफिसचं काम, म्हणाला होता.

मी तिच्याकडे बघत नाही.
वाळकी पानं उगाच दुसऱ्यांदा गोळा करते.
ती एका झाडाशी जाते, चष्मा पुसते,
ओठ हलवत आकडा वाचते,
ज्यांचं नाव कोरलेलं नाही
त्यांची नावं म्हणताना हलवते तसे.
मग गाठ सोडते. नखांनी, सावकाश.
फक्त एकच.

आम्ही दोघी दोन-दोन पाव खातो.
पाचवा ती फॉइलमध्ये परत गुंडाळते,
कडा नीट दुमडून.
"डेल्मसला," म्हणते.
"मीठ जास्त पडलंय, पण त्याला चालतं."

उतरताना हात पुढे करते. चावी.
मी काहीतरी बोलायला जाते,
तोवर ती हँडल धरून बसलेली असते.

मी मागे बसते. कमरेला धरते.
पहिल्याच उताराला ती पुढे झुकते, चुकीची,
तिच्या कोटाच्या खिशात
प्लास्टिकची फीत कुरकुरते,
आणि झाडं दोन्ही बाजूंनी
अंगावर यायला लागतात, सुसाट,
आकडे असलेली आणि नसलेली.