मुद्देमाल

कंधारच्या ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत
हळदीच्या रानातून उपटलेली झाडं :
अकरा किलो चारशे ग्रॅम. लाखेचं सील.

पंच म्हणून सही करायला आलेला इरबाजी
तंबाखू मळता मळता विचारतो,
"जमादार, ह्याच्यानं मेलेलं कुणी बघितलं का?"

त्याचं तोंड आता दोन बोटांपुरतंच उघडतं.
भाकर दुधात विरघळवून गिळतो.
माझा थोरला भाऊ तर समोरच्याच
परवानाधारक दुकानाच्या पायरीवर गेला,
डोळे पिवळे, पोट नगाऱ्यासारखं.
पंचनामा नाही. सील नाही.

पण साळूबाईचा दिगू?
चिलीम सुटून दोन वर्षं झाली,
अजून बारवेत वाकून कुणाशी तरी भांडतो.
जिवंत आहे. हाव, जिवंत आहे.

वजन तेवढं लिहून घेतो.
इरबाजी चिमूट पुढं करतो.

घेतो.