हातचं राखून

इकेजाच्या बाजारात, तिसऱ्या गल्लीत, पिवळ्या छत्रीखाली
माझं टेबल : दोन चिमटे, एक हीटगन,
आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वाळू.
वाळूत पुरलेल्या, फुगलेल्या बॅटऱ्या.
गिऱ्हाईकं विचारतात, तोन्ये, हे काय पेरून ठेवलंयस?
मी म्हणते, घाई.

एकुंदायोची ही दुसरी. चौदा महिन्यांत.
फोनचं मागचं झाकण उशीसारखं वर आलेलं,
काचेच्या कडेतून उजेड झिरपतोय.
पार्सलं पोचवतो तो, मोटारसायकलवर,
हेल्मेटचा पट्टा तुटलाय, तिथे नायलॉनची दोरी.
त्याच्या चार्जरवर ठळक अक्षरांत शंभर वॉट,
औषधाच्या बाटलीवर लिहावं तसं.

झाकण उचलता उचलता मी त्याला सांगते,
मला माझ्या उस्तादाने सांगितलं तसं :
आत दोन घरं असतात, मधे ओला पडदा.
लिथियम या घरातून त्या घरात मुक्कामाला जातं,
थराथरांत शिरतं, कपाटात घडीचे कपडे बसावेत तसं.
सावकाश आलं तर सगळ्यांना खण मिळतो.
रेटून आणलं तर काही दारातच अडतं,
उंबऱ्यावर धातूचा लेप होऊन बसतं,
ना आतलं, ना परतीचं.
शिवाय ऊब. ती तर आतल्या आत खात राहते.
पहिला घास उतरायच्या आधी दुसरा कोंबला
की पोटात वारा धरणारच.
म्हणून रात्री लाव. हळूवर लाव.
ऐंशी झाले की काढ.
थोडं हातचं राखून.

तो ऐकून घेतो. मग हसतो.
"कुठली रात्र, आँटी?"

खरंच, कुठली?
आमच्या रस्त्यावर वीज येते तेव्हा पोरं ओरडतात,
अप नेपा!
आणि अख्खी इमारत एका श्वासात उठते,
पंप, इस्त्री, फ्रीज, वरच्या मजल्यावरचं कुणाचं तरी भजन.
कधी चाळीस मिनिटं. कधी पंचवीस.
परवा अकरा.

अकरा मिनिटांत त्याचा फोन निम्म्याच्या वर गेला.
त्या रात्री त्याने आणखी सहा पार्सलं पोचवली.
माझा फोन, शहाणा, तीन वर्षांचा,
तब्येत अजून एक्क्याण्णव टक्के,
चाराचा आठ झाला
आणि मध्यरात्रीच्या आत डोळे मिटून पडला.

बॉनीहून इबिनाबोने चार वेळा फोन लावला.
मी मावशी झाल्याचं मला सकाळी कळलं,
पाव विकणाऱ्या बाईच्या फोनवरून.
एक्क्याण्णव टक्के.
कुणाला दाखवू?

हे मी एकुंदायोला सांगितलेलं नाही.
गिऱ्हाइकापुढे आपलं शास्त्र ढिलं करू नये.
नवी बॅटरी बसवली, कडा दाबल्या,
वर जुनी डिक्शनरी ठेवली, डिंक धरेपर्यंत.
"किती टिकेल?"
तू खाशील तशी, म्हटलं.
"मग वर्षभर," तो म्हणाला, अगदी सरळ,
जसं एखाद्याने बुटांचा हिशोब सांगावा.
त्याच्या बुटांकडे बघितलं. तेही वर्षभराचेच.

एक गोष्ट मात्र मला रोज दिसते :
ऐंशीच्या पुढे तो शंभर वॉटवालाही
पाऊल जपून टाकतो.
शेवटच्या विसाशी रेटारेटी चालत नाही,
हे त्यालासुद्धा कुणीतरी शिकवलंय.

तसला एक चार्जर मीही घेतलाय.
टेबलाखालच्या पिशवीत आहे,
प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

एकुंदायोची जुनी वाळूत घातली.
डबा भरत आला.
उद्या बिस्किटवाल्याकडे दुसरा मागायला हवा, मोठा.